दसऱ्याचा हार

गाड्या माणसांशी बोलायच्या त्या काळात वसुधाताईंच्या दारात दोन शर्यतीच्या गाड्या होत्या. पिवळीचं इंजिन शेपटीत, तांबडीचं कमरेत. दोघींचं बॉनेट उघडलं, तर आत फक्त बॅग ठेवायची जागा.

दसऱ्याला वसुधाताई हार घेऊन पुढे आल्या तशी पिवळी फणकारली, "त्या रिकाम्या खोक्याला कसला हार? आमच्या पणजीपासून इंजिन मागे. मागचं ओझं सांभाळत वळायला छाती लागते. हार मागेच घाला."

"ओझं मधोमध घेतलं की सांभाळत बसावं लागत नाही," तांबडी म्हणाली. "आमचं घराणं त्यावरच शर्यती जिंकत आलंय. मला कमरेवर घाला."

वसुधाताईंनी तसं केलं. झेंडूच्या जाडजूड हारांनी दोघींच्या इंजिनांची हवेची जाळी बुजली आणि वेशीपर्यंत पोचायच्या आत दोघी तापून बंद पडल्या.

मागून नाकावर हार मिरवत शेजारचा टेम्पो आला. भांडण त्याच्या कानावर आलेलंच होतं. दोर काढून त्याने अदबीने विचारलं, "बाईसाहेब, कुठे बांधू? मागे की मध्ये?"

पिवळीने तांबडीकडे पाहिलं. तांबडी आभाळाकडे बघत होती.

"पुढे," पिवळी पुटपुटली.