जांभळ्या फुलांची रुई

फार जुनी गोष्ट. तेव्हा झाडंही बोलायची. माळावर एक रुई होती. तिचा चीक विखारी, म्हणून सगळे तिच्यापासून चार पावलं लांबूनच जात.

एके दिवशी कबरी शेळी लंगडत आली. "रुईबाई, पायात बाभळीचा काटा मोडलाय गं. काहीतरी कर!"

आपल्याकडे कोणी आलं, या आनंदाने रुई मुळापासून शहारली. तिने पानाच्या देठातून एकच थेंब काट्यावर सोडला. दुसऱ्या दिवशी काटा आपसूक वर आला. कबरी माळभर उड्या मारत सांगत सुटली, "आपली रुई वैद्य आहे, वैद्य!" रुईला आकाश ठेंगणं झालं.

तिसऱ्या दिवशी कबरी धावतच आली. मागे तिचं करडू, डोळे आलेले, पापण्या चिकटलेल्या. "सोड थेंब याच्या डोळ्यांत!"

"नको गं बाई! पोर आंधळं होईल."

"माझ्या पायाला चालतो नि पोराला नाही? वैद्य म्हटलं तर लगेच भाव खायला लागलीस!"

ही रुसून गेली की पुन्हा कोणी येणार नाही, हे रुईला कळत होतं. तरी ती ओरडली, "माझ्यात विष आहे, कबरे! पोराला घेऊन लांब हो!"

कबरी फणफणत निघून गेली.

आठवड्याने करडाचे डोळे निवळले. माळावर येताच ते टुणकन उडालं. "आई, ते बघ! केवढी जांभळी फुलं!"

कबरी त्याच्या टपोऱ्या डोळ्यांकडेच बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "चल, जवळून बघू. तोंड मात्र लावायचं नाही हं."