पळसपरी आणि तिसरं पान

रानाच्या कडेला, जिथे पायवाट संपते आणि पळसाची झाडी सुरू होते, तिथे एक इवलंसं घर होतं. घरात तिघं राहायची. बाबा, सात वर्षांची तुळसा आणि नुकताच बोलायला लागलेला गुंड्या. बाबांचं नाव लहानू, आणि उंची एवढी की स्वतःच्याच घरात शिरताना त्यांना कमरेत वाकावं लागे. नाव ठेवणाऱ्यांनी बारशाला जरा घाईच केली म्हणायची.

आई देवाघरी गेली तेव्हापासून बाबाच आई झाले होते. पहाटे उठून ते चूल पेटवायचे. भाकरी थापता थापता गुंड्याला चुलीपासून मागे ओढायचे. मग तुळसाच्या वेण्या घालायचे. एक वेणी कानाजवळ उगवायची, दुसरी पार मानेवर. तुळसा कधी कुरकुरली नाही, कारण वेणी घालताना बाबांचा चेहरा अगदी परीक्षेला बसल्यासारखा व्हायचा.

मग गुंड्या खांद्यावर, तुळसाचं बोट हातात, आणि स्वारी निघाली रानात! पळसाची हिरवी हिरवी पानं खुडायची, घरी आणायची आणि बांबूच्या बारीक काड्यांनी टाचून गोल गोल पत्रावळी करायच्या. गुंड्या काड्या विस्कटायचा, बाबा गोळा करायचे. गुंड्या पुन्हा विस्कटायचा, बाबा पुन्हा गोळा करायचे. आसपासच्या सगळ्या गावांतली लग्नं बाबांच्या पत्रावळींवर जेवायची आणि बदल्यात घरी टोपलीभर ज्वारी यायची. पत्रावळ फाटली तर ती विकायची नाही, तिच्यावर आपण जेवायचं.

संध्याकाळी बाबा गुंड्याला भरवायचे, "हा घास काऊचा, हा घास चिऊचा." मुलांची पोटं भरली की ते रिकाम्या पातेल्याकडे बघून म्हणायचे, "मी तर मघाशीच जेवलो." मघाशी म्हणजे कधी, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

पण राहीआत्याला ठाऊक होतं. ती बाबांची धाकटी बहीण. मन लोण्याचं आणि जीभ विळीची. एक दिवस ती आली, भावाकडे बघितलं आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"दादा, वाळून काटकी झालास की रे! दोन लेकरं आणि तू एकटा. गुंड्याला मी नेते."

"नाही राही. माझी दोन्ही लेकरं माझ्याजवळच राहतील."

"उपाशी राहून सांभाळणार का त्यांना? मी पुनवेला परत येईन. तेव्हाही असाच दिसलास, तर तुझं काही ऐकणार नाही. गुंड्याला घेऊनच जाईन."

आत्या गेली. तुळसाने गुंड्याला इतकं घट्ट धरलं की तो रडायलाच लागला. तिने मनाशी पक्कं ठरवलं. काय वाट्टेल ते होवो, गुंड्या कुठे जाणार नाही आणि बाबा उपाशी राहणार नाहीत.

पौर्णिमा दोन दिवसांवर आली. बाबांना एका लग्नासाठी ढीगभर पत्रावळी द्यायच्या होत्या, आणि दिवस पुरत नव्हता. तुळसा रानात पानं खुडत होती. कोवळी पानं झाडाला ठेवायची आणि जून तेवढी घ्यायची, हे तिला माहीत होतं. पळस फुलायला अजून अवकाश होता, तरी एका फांदीआड तिला काहीतरी केशरी केशरी दिसलं. कोळ्याच्या जाळ्यात एक फूल अडकलं होतं, आणि ते फूल चक्क मुसमुसत होतं!

"कोळीमामा, रागावू नका हं. एवढी पाहुणी मी सोडवते," असं म्हणून तुळसाने जाळं न फाडता एकेक धागा हळूच बाजूला केला. फूल तिच्या तळहातावर आलं आणि उमललं. आत होती बोटभर उंचीची परी! केशरी झगा, पोपटाच्या चोचीसारखी टोपी आणि दवाच्या थेंबांनी चमचमणारे इवलेइवले पंख. तिच्या अंगावरून सोनेरी चुरा भुरभुर उडत होता आणि सगळी फांदी लखलखत होती.

"मी पळसपरी," ती किणकिणत्या आवाजात म्हणाली. "गुणी मुली, तू मला सोडवलंस. हे घे!" आणि तिने एका देठावरची पानं तुळसाच्या हातात दिली. पानांच्या कडा चांदीच्या होत्या. "एका पानाला एक मागणं."

"तीनच?" तुळसाने विचारलं.

"पळसाला पानं किती असतात?"

"तीनच."

"मग! आता नियम ऐक. स्वतःसाठी मागायचं नाही, नाहीतर पान सुकून जाईल. मागणं समजावून सांगायचं नाही, मी ऐकेन तसं होईल. आणि या पानावर खायचं काही ठेवलंस तर ते नुसतंच पान होईल. मग त्याचं मागणं गेलं म्हणून समज."

तुळसाने क्षणाचाही विचार केला नाही. एक पान उंच धरून ती म्हणाली, "आमच्या बाबांचा दिवस वाढू दे!"

टप्प! भर दुपारी सूर्य डोंगराआड गडप झाला. पाखरं गोंधळून घरट्यात शिरली. कोंबडा म्हणाला, "कुकू…" आणि मधेच गप्प बसला. अंधारात बाबा हाका मारत आले, "तुळसे! कुठे आहेस गं?" पानांचा अर्धाच भारा घेऊन तिघं चाचपडत घरी आली. कामाचा उरलेला दिवस पाण्यात गेला.

बाबांनी एकदा आभाळाकडे बघितलं. मग त्यांनी बाह्या सरसावल्या. "दिवस गेला तर गेला, हात कुठे गेलेत?" असं म्हणून त्यांनी दिवा लावला आणि काड्या घेऊन बसले.

सकाळी तुळसा तडक परीकडे गेली. रागाने तिचे गाल फुगले होते. "मी दिवस वाढव म्हटलं होतं!"

"वाढवलाच की," परी म्हणाली. "देवळात तुम्ही नारळ वाढवता, तेव्हा त्याची दोन शकलं होतात. तुमच्या बायका 'बांगडी वाढली' म्हणतात, तेव्हा खाली तुकडे पडलेले असतात. मग वाढवणं म्हणजे मोडणंच ना?"

तुळसाने कपाळावर हात मारला. खरंच की! फुटलं, मोडलं असं अभद्र बोलायचं नाही म्हणून मोठी माणसं 'वाढलं' म्हणतात, आणि ही बिचारी तेवढंच ऐकून शहाणी झालेली. "अगं परीबाई, वाढणं म्हणजे मोठं होणं. शिवाय पानात अन्न घालणं, तेही वाढणंच."

परीने टोपी खाजवली. "एकाच शब्दाला किती कामाला लावता गं तुम्ही! मला आता काही म्हणजे काही कळेनासं झालंय."

बरं झालं विचारलं, असं तुळसाला वाटलं. बाबांचे हात वाढू देत, असं मागायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. तिने दोन्ही पानं ओच्यात खोचली. 'नीट विचार करूनच मागायचं,' असं ठरवून ती बाबांपाशी आली.

पण गुंड्या विचार करणाऱ्यांतला नव्हता. त्याला भूक लागली होती. बाबांनी झाडाखाली भाकरीचं गाठोडं सोडलं, तेवढ्यात त्याला ताईच्या ओच्यात काहीतरी चमचमताना दिसलं. त्याने एक पान उपसलं, डोक्यावर नाचवलं आणि ओरडला, "घाश काऊचा!"

काव काव काव! रानातले सगळे कावळे भरारा खाली उतरले. भाकरी गेली, कांदा गेला, गाठोड्याचं फडकंसुद्धा एकाने नेलं. फांदीवर बसलेल्या परीने खांदे उडवले. "दुसऱ्यासाठी मागितलं त्याने. मी काय करणार?"

तुळसाला हुंदका आवरेना. तिने बाबांना पानांची सगळी हकिकत सांगितली. बाबांनी आधी ऐकून घेतलं आणि मग ते इतके हसले, इतके हसले की गुंड्याही टाळ्या पिटायला लागला.

"एक पान उरलंय बाबा. पण मला भीती वाटते. उद्या आत्या येईल आणि गुंड्याला नेईल."

बाबांनी तिचे डोळे पुसले. "हे बघ, मला हात दोन आणि लेकरं दोन. प्रत्येकाला एक हात पुरतो. कोण नेतंय ते मी बघतो. चल, पानं खुडू."

त्या दिवशी बाबा जे कामाला लागले, ते मान वर करायला तयार नव्हते. तुळसा पानं पुसून देत होती. आणि काय आश्चर्य, गुंड्यासुद्धा काड्या गोळा करत होता!

पौर्णिमा उजाडली. गाडीवान बैलगाडी घेऊन दारात आला. बुडालेल्या दिवसामुळे पत्रावळी कमी पडत होत्या, म्हणून बाबांनी घरातल्या फाटक्या पत्रावळीही पान जोडून, नीट टाचून देऊन टाकल्या. गाडी गेली. ज्वारी संध्याकाळी येणार होती, आणि डब्यात पीठ होतं एका भाकरीपुरतं.

बाबांनी भाकरी भाजली. दोन तुकडे केले, लसणाची चटणी ठेवली, आणि एक तुकडा गुंड्याच्या हातात दिला, एक तुळसाच्या. "खा गं. मी मघाशीच…"

"तुम्ही नाही जेवलात," तुळसा म्हणाली. "कालही नाही. परवाही नाही."

जवळच्या टेकाडावरून आत्याचं हिरवं लुगडं भराभर खाली येताना दिसत होतं.

तुळसाने ओच्यातून तिसरं पान काढलं. या पानावर ती राजवाडा मागू शकली असती. धान्याची कोठारं मागू शकली असती. तिच्या पोटातही भूक कावकाव करत होती. घरात दुसरं एकही पान नव्हतं, आणि या पानावर अन्न ठेवलं की मागणं संपणार होतं. तिने पान जमिनीवर मांडलं. पाण्याचा हात फिरवला. आपल्या वाटची अर्धी भाकरी त्यावर ठेवली आणि कडेला चटणी ठेवली.

"बाबा, बसा," ती म्हणाली. "आज मी वाढते."

पानाच्या चांदीच्या कडा विझल्या. शेवटचं मागणं ऐकायला येऊन वर आढ्यावर बसलेल्या परीने घाबरून कान झाकले, कारण आता काहीतरी मोडणार, अशी तिची खात्री होती.

"वेडे, तू खा," बाबा म्हणाले.

"आधी तुम्ही. मी हट्ट सोडणार नाही."

बाबा खाली बसले. त्यांनी एक घास मोडला, तोंडात घातला, आणि त्यांच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळायला लागलं. पण काही मोडलं नाही, काही फुटलं नाही. परी हळूच खाली उतरली आणि पानाच्या देठाशी येऊन बघायला लागली.

"अगं बाई! हे होय तुमचं वाढणं!" तिचा चेहरा उजळला. "तुळसा, तुझं मागणं संपलं. पण आता मी माझ्या मनाने देते. मनापासून वाढलं की वाढतं!"

तिने पंख झटकले. केशरी, गुलाबी, सोनेरी चुरा पानावर सांडला. अर्ध्या भाकरीची अख्खी झाली, एकीच्या चार झाल्या. शेजारी वाफाळता भात आला, त्यावर पिवळंधमक वरण आलं, तुपाची धार आली. गुंड्या चटकन पुढे सरकला आणि स्वतःच एक मूठ भरायला गेला, तर पान एकदम रिकामं!

"अंहं," परी हसली. "या पानाला एकच नियम. आपल्या हाताने आपल्याला घ्यायचं नाही. दुसऱ्याला वाढायचं."

तुळसाने गुंड्याला वाढलं, गुंड्याने बाबांना वाढलं, म्हणजे निम्मं त्यांच्या मांडीवर सांडलं, आणि बाबांनी तुळसाला वाढलं. पान पुन्हा काठोकाठ भरलं. बाबा जेवले. खरंखुरं, पोटभर जेवले.

तेवढ्यात त्यांचं दाराकडे लक्ष गेलं. राहीआत्या उंबऱ्यात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तिच्या हातात गुंड्याचे कपडे भरायला आणलेली रिकामी पिशवी होती.

बाबा उठून उभे राहिले. एका हाताने त्यांनी गुंड्याला उचललं, दुसऱ्या हाताने तुळसाला जवळ घेतलं. "राही, तू माझी बहीण आहेस. पण यातलं एकही…"

"गप रे," आत्या म्हणाली. तिची विळीसारखी जीभ आज अडखळत होती. "ती अर्धी भाकरी वाढताना बघितलं मी. एवढीशी पोर स्वतः उपाशी राहून बापाला आधी वाढते. या घरातलं माणूस मी तोडून नेऊ? हात झडतील माझे."

तिने पिशवीची घडी घातली. पदराने डोळे पुसले आणि तुळसासमोर मांडी घालून बसली.

"तुळसे, लांबून चालत आलेय गं. आत्याला वाढशील?"

तुळसाने आनंदाने पहिला घास तिच्यापुढे ठेवला. त्याच क्षणी पळसपरीने एक गिरकी घेतली. सगळं घर केशरी उजेडाने न्हाऊन निघालं. कोपऱ्यातली घागर चमकली, चूल चमकली, तुळसाच्या दोन्ही वाकड्या वेण्या चमकल्या. मग तो उजेड बारीक बारीक होत गेला, एक ठिणगी झाला, आणि खिडकीतून पळसाच्या झाडीत मिसळून गेला.

चौघं जेवत होती. एकमेकांना वाढत होती. आणि गुंड्या, जो कुठेच जाणार नव्हता, तो आत्याच्या मांडीवर जाऊन बसला आणि म्हणाला, "अजून."

तुळसाच्या घरी जेवणं झाली, इथे गोष्ट झाली. ऐकणाऱ्यांनो, चला आता, हात धुवून पानावर बसा.