कुंड निर्मळ झाले

एकदा एक तांब्याचा व्यापारी पुण्य जोडायला डोंगरावरच्या मठात आला. मठाच्या कुंडात मासे होते, आणि नवस फिटला की त्यात तांब्याचा लोटा सोडायची रीत होती. लोटे तोच विकत असल्यामुळे रीत उत्तम टिकली होती.

"हे पाणी की ताक?" कुंडातले पांढुरके पाणी पाहून तो मठातल्या शिष्यावर खेकसला.

गुरुजी गावाला गेले होते. शिष्याला हुरूप आला. त्याने मासे रांजणात काढले, पाणी उपसले, भिंतींवरचा चुनखडीचा जाड थर खरवडला आणि कुंड पावसाच्या साठवलेल्या पाण्याने भरले. लोटे पवित्र, म्हणून चिंचेने घासून पुन्हा तळाशी मांडले. मग मासे सोडले.

काही दिवसांनी, वारा पडलेल्या दुपारी, सगळे मासे पाण्यावर आले. तोंडे वर करून ते जागच्या जागी उभे राहिले. तोंडे उघडत, मिटत होती. जणू ते न ऐकू येणारा मंत्र म्हणत होते. अंगावर जखम नाही. एक उलटला, तरी शेजारचा हलला नाही. खाली लोटे लखलखत होते.

"पोराचा हात अपशकुनी आहे. हाकला याला!" व्यापारी ओरडला.

तेवढ्यात गुरुजी परतले. त्यांनी माशांकडे पाहिले. "खरवडलेलं कुठं टाकलंस?"

"उकिरड्यावर."

"सगळं आणून कुंडात टाक. लोटे बाहेर काढ."

"गुरुजी, स्वच्छ पाण्यात घाण?"

व्यापारी हसला. "लोटे पिढ्यान्‌पिढ्या इथंच आहेत. तेव्हा नाही मेले मासे!"

"तांबं तेव्हाही पाण्यात विरत होतं, शेठजी," गुरुजी म्हणाले. "पण भिंतींवरून पाण्यात उतरणारा चुना त्याला माशांच्या कल्ल्यांवर बसू देत नव्हता. तुम्ही पहारेकरी हाकललात आणि चोराला घासूनपुसून आत बसवलंत. विष किती आहे एवढंच पाहून भागत नाही. ते कोणत्या पाण्यात आहे, हेही पाहावं लागतं."

शिष्याने लोटे बाहेर काढले आणि उकिरड्यावरून आणलेल्या चुन्याच्या पाट्या कुंडात रिकाम्या केल्या. पाणी पांढरे झाले आणि ती तोंडे एकेक करून त्यात दिसेनाशी झाली. मासे खाली गेले की संपले, कळायला मार्ग नव्हता.

"मी जाऊ का, गुरुजी?" त्याने चाचरत विचारले.

"हात अपशकुनी नाहीत, उतावळे आहेत. बैस."

तो काठावर बसून राहिला. ऊन कलले, तेव्हा त्या पांढऱ्या पाण्यात एक शेपटी सपकन आपटली. मग दुसरी. त्याने मान खाली घातली. आत डोकावून खात्री करावी, असे आता त्याला वाटले नाही.

दुसऱ्याचे घर निर्मळ करायला निघणाऱ्याने, तिथली घाण काय अडवून बसली आहे, एवढे आधी विचारून घ्यावे.