ओढ्यापलीकडचे कंद

एकदा एक व्यापारी आपल्या लहान मुलीला घेऊन अमेरिकेच्या वायव्येकडचे डोंगर उतरत होता. पश्चिमेला सागरापर्यंत घनदाट अरण्य, पूर्वेला कोरडे पठार. पण उपाशी माणसाला कसला भूगोल! शिदोरी संपली होती आणि मुलीला उभेही राहवत नव्हते. अखेर एका ओलसर खोऱ्यात मूळ रहिवाशांचा पाडा लागला.

त्या लोकांचे मुख्य अन्न म्हणजे कॅमस नावाचा, कांद्यासारखा दिसणारा कंद. वसंतात त्याला निळी फुले येतात. फुले गळाली की बायका कंद खणतात आणि तापल्या दगडांच्या खड्ड्यात भाजतात. पाड्यातली एक ज्ञानी वृद्धा ही विद्या आपल्या तरुण शिष्येला शिकवत होती. मुलीचा सुकलेला चेहरा पाहून शिष्येचा जीव कळवळला. कंद खणायचे नेहमीचे कुरण टेकडीमागे, दूर. म्हणून ती जवळच्या ओढ्यापलीकडून टोपलीभर कंद खणून घेऊन आली.

"कुठले गं हे?" वृद्धेने विचारले.

"ओढ्यापलीकडचे, आजी. तिथे कुणीच खणत नाही. बघा, कसे टपोरे आहेत!"

वृद्धेने टोपली घेतली आणि सगळे कंद सरळ विस्तवात ओतले.

व्यापारी भडकला. "द्यायचे नसेल तर देऊ नका! लेकराच्या तोंडचा घास जाळता? ना इथे कुंपण, ना नांगर. आपोआप उगवलेले ते, मी स्वतः खणून घेईन!"

वृद्धेने आधी झोपडीतून भाजलेल्या कंदाची वडी आणून मुलीच्या हातात ठेवली. मग म्हणाली, "बाबा, या कंदाचा एक भाऊबंद आहे, पांढऱ्या फुलांचा. तो विषारी. भाजला तरी विष जात नाही. फुले असतात तोवर दोघे वेगळे ओळखता येतात. फुले गळाल्यावर मीसुद्धा खात्री देणार नाही. म्हणून दर वसंतात आम्ही कुरणभर फिरून पांढऱ्या फुलांचे कंद उपटून टाकतो. माझी आई टाकायची, तिचीही आई टाकायची. ओढ्यापलीकडे तो हात फिरलेला नाही. टेकडीमागचे जे तुला आपोआप उगवलेले वाटते, त्यावर आमच्या पिढ्या राबल्यात."

शिष्येने मुलीला जवळ ओढले. "आजी, माझ्या हातून ही पोर गेली असती!"

"कळवळा खोटा नव्हता तुझा. येत्या वसंतात मात्र उपटायला माझ्याबरोबर यायचं. खणणं त्यानंतर."

मुलगी मन लावून वडी खात होती. व्यापाऱ्याने तिच्याकडे पाहिले. मग तो उठला आणि तडक टेकडीमागे गेला. त्या कुरणात, मोकळी जागा समजून, त्याने येताना आपली घोडी चरायला सोडली होती; ती त्याने बाहेर काढली.

कुंपण दिसले नाही तरी, पाऊल टाकण्याआधी विचारावे: इथे कुणाचे हात फिरले आहेत?