यारीच्या पाठीवरची पेटी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा यंत्रंसुद्धा बोलत आणि माणसं त्यांचं ऐकून घेत. आता तुम्ही म्हणाल, इतक्या जुन्या काळी आगगाडी कुठून आली? गोष्टीत येते. मुकाट्याने ऐका.

एका राज्यात घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. घाट उतरणारी गाडी तिथे अधूनमधून रुळांवरून घसरे. घसरलेले डबे उचलून पुन्हा जागेवर ठेवायला गावात एक यारी होती. यारी म्हणजे चाकांवर उभं असलेलं अवजड उचलयंत्र. पुढे लांब लोखंडी हात, हाताला साखळी, साखळीला आकडा. तिच्यावर काम करणारी माणसं तिला मानाने ‘थोरली’ म्हणत.

गावाची एक रीत होती. खंडेनवमीला प्रत्येकाने आपलं हत्यार पूजायचं, पण त्या हत्याराने आधी सगळ्यांसमोर काम करून दाखवायचं. थोरलीची पंचाईत अशी, की ऐन नवमीला कुठेतरी डबा घसरायचाच. ती तिकडे धावायची आणि इकडे तिचा पाट रिकामा राहायचा. शेवटी यारीवाल्यांच्या मुकादमाने दवंडी पिटवली. जो कुणी थोरलीची हुबेहूब लहान यारी घडवील, त्याला कारागिरांच्या आळीत कायमचं घर मिळेल. मात्र पूजेचा नारळ त्या यारीनेच उचलून पाटावर ठेवायला हवा.

हैबती नावाचा एक फिरता ओतारी तेव्हा गावाबाहेर उतरला होता. पितळ वितळवून वस्तू ओतायच्या, विकायच्या आणि बैलगाडी पुढे हाकायची, असा त्याचा संसार. त्याची बायको सगुणा हिला दिवस गेले होते. बाळ तरी गाडीत जन्मू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

हैबतीचा हात कसबी, पण जीभ हातापेक्षा लांब. तो मुकादमाला म्हणाला, “काळजी सोडा. माझ्या हातून तुकडा म्हणून बिघडत नाही.”

मुकादम नुसता हसला.

हैबतीने दोरी घेऊन थोरलीची मापं घेतली. तिची हातभर लांबी म्हणजे आपलं एक अंगूळ, असा हिशेब धरला. चाकांचे आरे, दातेरी चक्रं, साखळीची कडी न् कडी त्याने पितळेत ओतली. थोरलीच्या पाठीवर एक मोठी चौकोनी पेटी होती. तीही त्याने पातळ पत्र्याची केली आणि तिच्यावर मोजून तितकीच रिबिटं ठोकली. काळा रंग दिला. बघणारे तोंडात बोटं घालू लागले.

मग त्याने आकड्याला नारळ अडकवला आणि दांडी फिरवली. नारळ जागचा हलला नाही. यारीच नाकावर आपटली.

हैबती चक्रावला. तो धावत जाऊन पुन्हा मापं घेऊन आला. मापं तीच. दोरी तर खोटं बोलत नाही ना, म्हणून त्याने दुसऱ्या दोरीने पहिली दोरी मोजली. ती खरी निघाली. मग त्याने यारीचा हात आखूड केला, तर ती यारी दिसेना, आमटीची पळी दिसायला लागली. हात पुन्हा लांब केला. चाकं रुंद करून पाहिली. तरी ती पडायची ती पडलीच.

“काय चुकलंय?” सगुणेने विचारलं.

“काहीच नाही. सगळं बरोबर आहे.”

“मग पडते कशाने?”

“सगळं बरोबर आहे म्हणूनच पडत असेल,” हैबती म्हणाला. आपण काय बोललो, हे त्याचं त्यालाच कळलं नाही.

नवमीच्या आदल्या दुपारी तो थोरलीपाशी जाऊन बसला. त्याला रडू येत होतं. “थोरले, तू पडत कशी नाहीस गं?”

“पडले असते की,” थोरली म्हणाली. “तू माझं काय काय मोजलंस?”

“नखशिखान्त सगळं.”

“पेटी?”

“लांबी, रुंदी, उंची.”

“उघडलीस?”

 हैबतीने वर चढून पेटीचं झाकण उचललं. आत तुटक्या साखळ्या, झिजलेली चक्रं आणि उलगडून सरळ झालेले आकडे गच्च भरले होते.

“हे कसलं भंगार?”

“भंगार नाही, माझंच आहे ते,” थोरली म्हणाली. “ती साखळी तुटली तेव्हा डबा ओढ्यात गेला होता. तो आकडा ऐन वेळी उलगडला. माझं जे जे मोडलं, ते या माणसांनी फेकलं नाही, माझ्या पाठीवर टाकलं. पुढे ओझं उचलायचं तर मागेही ओझं लागतं, बाबा.”

हैबती आपल्या बैलगाडीपाशी आला आणि त्याने आपल्या पेटीत वाळू भरली. ती हलकी पडली. खडे भरले, तेही कमीच. पितळ हवं होतं, आणि जवळ पितळ होतं ते एकाच पोत्यात. हैबतीचे बिघडलेले तुकडे त्या पोत्यात होते. वाकडी चक्रं, पोकळ राहिलेले आकडे, सगळं त्याने आजवर जगापासून दडवलं होतं.

“वितळवून एक गोळा ओता,” सगुणा म्हणाली. “कुणाला कळायचं नाही.”

हैबतीने पोतं उचलून भट्टीपाशी नेलं. “काय दाखवायचं आणि काय लपवायचं, हेच मला आता उमगत नाही,” तो म्हणाला. “पण थोरलीने तिचा आकडा वितळवला नव्हता.” आणि त्याने ते तुकडे होते तसेच पेटीत भरले.

दुसऱ्या दिवशी थोरली नेहमीप्रमाणे पहाटेच कुठल्याशा डब्यामागे गेली. तिच्या पाटासमोर हैबतीची यारी उभी राहिली. तिने नारळ उचलला, संथपणे वळली आणि पाटावर अलगद ठेवला. लोकांनी माना डोलावल्या.

पण हत्यार आतून पाहिल्याशिवाय मुकादम त्याला हळद लावत नसे. त्याने पेटी उघडली आणि एक वाकडं चक्र बाहेर काढलं. गर्दीत कुणीतरी खुसखुसलं, “याच्या हातून तुकडा बिघडत नाही म्हणे.”

हैबतीचं तोंड उतरलं. घर गेलं, असं त्याला वाटलं. तरी तो खरं तेच बोलला. “बिघडतो. हे सगळे माझेच. या चक्राचे दात मोजायला चुकलो. तो आकडा भट्टी गार असताना ओतला. बाहेर लावलंय ते चांगलं आहे, पण यारी उभी आहे ती यांच्यामुळे. असं कसं झालं, ते मला अजून नीट कळलेलं नाही.”

मुकादमाने चक्र परत पेटीत ठेवलं. “ऐक,” तो म्हणाला. “उद्यापासून थोरलीचे आकडे तुलाच ओतायचे आहेत. त्या आकड्याला डबा टांगलेला असतो आणि खाली माझी माणसं उभी असतात. बिघडलेलं लपवणाऱ्याच्या हातचा आकडा मी त्यांच्या डोक्यावर कसा टांगू? त्या दिवशी तू बढाई मारलीस, तेव्हाच मी तुला परत पाठवणार होतो. आज घराची किल्ली घेऊन जा.”

मग त्याने हळदकुंकू घेतलं आणि पहिलं बोट पेटीला लावलं.

सगुणेचं बाळ आळीतल्या घरात, पक्क्या छपराखाली जन्मलं. हैबतीने ओतलेला आकडा पुढे कधी कुणाच्या डोक्यावर पडला नाही, कारण चुकलेला प्रत्येक आकडा तो आधी मुकादमाला नेऊन दाखवी.

तेव्हा लहानथोरहो, एवढं ध्यानात असू द्या: लपवलेली चूक माणसाला पाडते, आणि मान्य केलेली चूक त्याला तोलून धरते.