भागोजीची न संपणारी काव

एक होता डोंगर. डोंगराची कसली गोष्ट, असं कुणी विचारायचं नाही. गुमान पडून ऐका, म्हणजे कळेल.

डोंगर आतून लाल होता. खणला की काव निघायची. काव म्हणजे लाल माती, बरं का, पण दगडासारखी टणक. ती कुटायची, चाळायची, पाण्यात घोटायची. मग कुठे तिचा रंग होतो.

डोंगराखाली गाव होतं. गावात भागोजी आणि धाकू असे दोन मित्र राहत. लग्नघरांच्या भिंती रंगवायच्या, हे त्यांचं काम. भिंतीला चुना लागला की भागोजी डावीकडून सुरुवात करी आणि धाकू उजवीकडून. मोर, पोपट, केळीचे खांब काढत काढत दोघं मधे यायचे. मधे भेटले की भिंत झाली.

दोघांचा एक नेम होता. सकाळी ज्यानं त्यानं आपली करवंटीभर काव घोटायची. करवंटी रिकामी झाली की हात धुवायचे आणि घरी जायचं. मोराचं शेपूट राहिलं तर राहिलं. लग्नघरची म्हातारी ओरडायची, "अरे मेल्यांनो, मोर बांडा ठेवून कुठे निघालात?"

धाकू म्हणायचा, "आजी, तो काय उडून जातोय? उद्या येतो."

मग धाकूच्या ओट्यावर बसून दोघं पेज प्यायचे. फार बोलायचे नाहीत. बोलायला हवंच असं थोडंच आहे?

अशी पुष्कळ वर्षं गेली. मग भागोजी थकला. चित्रं काढून नव्हे. खणून, कुटून, चाळून थकला. एकदा डोंगरावर त्यानं कुदळ टाकली आणि तो म्हणाला, "रोज खणा, रोज कुटा. जन्म यातच गेला. एकदाच काय ती काव मिळावी आणि ती संपूच नये."

डोंगरानं ऐकलं. तेव्हा डोंगर बोलत. तो म्हणाला, "तूच थकलास होय? आणि मी? रोज येतोस नि रोज टोचतोस. आण ती करवंटी. ही काव संपायची नाही. घे, आणि परत तोंड दाखवू नकोस."

पाहतो तर करवंटी काठोकाठ भरलेली. आयती घोटलेली, ओली, लाल काव. भागोजी धावतच घरी आला.

मग त्यानं स्वतःचं घर रंगवायला घेतलं. भिंती झाल्या. करवंटी भरलेलीच. मग कणगी रंगवली, शिडी रंगवली, गाईची गव्हाण रंगवली. करवंटी भरलेलीच. आता उठावं कसं? आजवर करवंटी रिकामी झाली की तो उठे. भरल्या करवंटीवरून उठायचं त्याला ठाऊकच नव्हतं. बायकोनं, जानकीनं, हाक मारली, "अहो, पानं घेतलीत."

"एवढं झालं की आलोच," भागोजी म्हणाला. त्या दिवशी तो जेवला नाही.

मग त्यानं गाव रंगवायला घेतलं. आधी लोक खूश झाले. फुकटात रंगतंय तर कुणाला नको? पण भागोजी थांबेना. सगळ्या भिंती सारख्या, सगळी दारं सारखी. संध्याकाळी माणसं भलत्याच घरात शिरायला लागली. गोठ्याचं रंगवलेलं दार बघून म्हशी बिथरल्या. रामा सुतार म्हणाला, "भागोजी, मी जरा पाठ करून उभा राहिलो, तर मलाही रंगवशील रे बाबा!"

लोक हसले. भागोजी हसला नाही. त्याचा खांदा ठणकत होता. वर केलेला हात खाली येईना. करवंटी मांडीत धरून घास डाव्या हातानं खाई. भिंतीला टेकून, कुंचला आणि करवंटी हातात घेऊनच डोळे मिटी. जानकी खांद्याला तेल चोळायची. एकदा चोळता चोळता ती रडली. "अहो, थांबा आता. हात वाळून जाईल. हात गेला, तर तुमच्याजवळ दुसरं आहे काय?"

भागोजीलाही तेच भय होतं. रात्रंदिवस तेच. पण करवंटी भरलेली होती ना! तो म्हणाला, "एवढं झालं की थांबतो."

मग गावात एक लग्न निघालं. नव्यानं चुना दिलेली मोठी लांब भिंत होती. भागोजी डावीकडून निघाला, धाकू उजवीकडून. भागोजी मधे आला. धाकू अजून लांब होता.

"थांब रे तिथंच," धाकू म्हणाला. "मला येऊ दे."

भागोजी थांबला नाही. अर्धी भिंत ओलांडून पुढे गेला. धाकूनं काढलेले पोपट ओले होते. भागोजीचा कुंचला त्यांच्यावरून फिरला. पोपट गेले. लाल डाग उरला.

धाकूनं डागाकडे पाहिलं. मग शांतपणे हात धुतले. "भागोजी, माझ्या वाटची भिंतही खाल्लीस. आता एकटाच रंगव. मी तुझ्याबरोबर यायचा नाही."

आणि तो गेला. मागे वळलासुद्धा नाही.

मधे भेटायला कुणी नाही, तर थांबणार कुठे? ती भिंत झाली, पुढची झाली. भागोजी गावाबाहेर पडला. वाटेतले दगड रंगवले. कुंपणाचे खांब रंगवले. पाय ओढत होता. डोळ्यांपुढे लाल लाल दिसत होतं. दगडावर बसावं, निजावं असं फार वाटे. पण हात चालूच. रंगवता रंगवता दिवस कलला, आणि समोर एक भिंत आली. स्वच्छ पांढरी. एक रेघ नाही. भागोजीनं कुंचला बुडवला.

"ती नको," मागून कुणी म्हणालं.

पाहतो तर ओट्यावर धाकू बसलेला. ते गावाबाहेरचं, म्हणूनच रंगवायचं राहिलेलं धाकूचंच घर होतं. इतकी वर्षं तिथं पेज प्यायला, पण ही भिंत त्यानं कधी धड पाहिली नव्हती.

"नको काय? बोडकी आहे," भागोजी म्हणाला.

"असू दे. रोज या वेळी तिच्यावर शेवगा येतो."

"कुठला शेवगा?"

"अंगणातला. त्याची सावली पडते. मी बघत बसतो. तिला ना काव लागते, ना कुटायला लागतं. आता बाजूला हो. तू मधे उभा आहेस. माझा शेवगा झाकलास."

भागोजीनं भिंतीकडे पाहिलं. शेवग्याची बारीक पानं हलत होती. आणि त्या पानांमधे एक वाकडं, थरथरणारं काहीतरी होतं. वाळक्या फांदीसारखं. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं. तो त्याचाच हात होता.

बराच वेळ तो बघत राहिला. करवंटी काठोकाठ भरलेली. कुंचल्यातून थेंब गळत होते. आणि भागोजी म्हणाला, "पुरे."

असं तो जन्मात प्रथमच म्हणाला, बरं का. त्यानं करवंटी जमिनीवर ठेवली, कुंचला ठेवला. हात खाली घ्यायला फार वेळ लागला. फार दुखलं. धाकू उठला, त्यानं कोपराला आधार दिला आणि लहान मूल निजवावं तसा तो हात हळूच खाली आणला.

"तुझे पोपट मी पुसले," भागोजी म्हणाला.

"पुसलेस खरे. बस आता."

दोघं बसले. ऊन जाईतो शेवगा बघत राहिले.

सकाळी पाहतात तर करवंटीतली काव वाळून तिला भेगा पडलेल्या. भागोजीनं ती कधी खाली ठेवलीच नव्हती. ठेवली असती, तर आधीच वाळली असती.

हात पहिल्यासारखा सरळ व्हायला पावसाळा जावा लागला. मग दोघं पुन्हा काव खणून भिंती रंगवू लागले. डोंगर कुरकुरला, पण त्यानं खणू दिलं. मोर बांडे राहू लागले, म्हाताऱ्या ओरडू लागल्या. जानकीचा नवरा वेळेवर जेवायला येऊ लागला. सगळे सुखानं राहिले.

संपली. आणखी एक मागायची नाही. हातपाय सैल सोडा आणि झोपा.