सोबत कोण आहे?

"मावशी, सशासोबत कोण आलंय ते आधी सांगा, मगच पाला लावीन!" फार पूर्वी, ओढ्याअलीकडच्या रानातला वानरवैद्य एका म्हाताऱ्या रानम्हशीवर खेकसत होता. कुत्र्यांनी फाडलेला ससा तिला वाटेत सापडला होता. म्हैस पलीकडच्या रानातली. हे ऐकून तिचा रवंथच थांबला.

"अरे, रक्त वाहतंय त्याचं!"

"इथं नातेवाईक लागतो. उद्या मेला तर नेणार कोण?"

"अगंबाई! जिवंत आहे तोवरच न्यायची काळजी? आमच्याकडं आधी कुठं दुखतंय ते विचारतात."

"मग तिकडंच न्या की!"

"ओढा ओलांडेपर्यंत जगेल का हा?"

"पण नियम आहे, मावशी..."

म्हशीनं शिंगं खाली केली. "मेल्या, तू उपचार करूनही हा मेला, तर मी उचलून नेईन, पण हात न लावता मेला, तर तू मारलास म्हणून रानभर सांगेन!"